ईक्यू सगळ्यात शेवटी: १२६ बीपीएमचा एक हाउस ट्रॅक मिक्स करताना

रेकॉर्ड झालेला गळा किंवा तबला मागाहून बदलता येत नाही, म्हणून तिथे ईक्यूला, म्हणजे आवाजातले ठरावीक फ्रीक्वेन्सीचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाला, पर्याय नसतो. सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) आवाज मात्र मुळातच बदलता येतो. त्यामुळे एफ मायनरमधला हा ट्रॅक मिक्सला घेताना मी आधी सगळे ईक्यू बंद केले आणि नुसत्या फेडरवर (प्रत्येक चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर) तोल जमवला. किकचं (बास ड्रमच्या ठोक्याचं) पीक, म्हणजे सर्वोच्च पातळी, उणे १० डेसिबलच्या आसपास, बाकी सगळं तिच्या मानाने.

पहिला गुंता नेहमीचाच, किक आणि बासचा. बास एफवर, म्हणजे सुमारे ४४ हर्ट्झवर, आणि ए फ्लॅटवर, म्हणजे ५२वर फिरतो. ९०९ या ड्रम मशीनच्या धर्तीच्या किकचं शेपूट ५०च्या आसपास घुमतं. अशा वेळी बासला ५०वर खड्डा पाडायचा मोह होतो. पण ईक्यू एकाच जागी बसून राहतो आणि बासचा सूर सरकत असतो. खड्डा पाडला की ए फ्लॅट दुबळा होतो, एफ जवळपास तसाच राहतो, आणि बासलाइन लंगडते.

म्हणून इथे वेळेचा हिशेब केला. १२६ बीपीएमला (मिनिटाला १२६ ठोके) एक ठोका ४७६ मिलिसेकंदांचा, अर्धा ठोका २३८चा. बास ऑफबीटवर, म्हणजे २३८ला सुरू होतो आणि किक मात्र ३५०पर्यंत वाजत होती. किकचा डिके (आवाज विरण्याचा काळ) २२०वर आणला, बासच्या नोटची लांबी २०० केली. आता दोघं एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. बास जिथे लांब धरला आहे, तेवढ्याच भागात साइडचेन कॉम्प्रेसर (किक वाजताच बास दाबणारा) लावला: अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) १२०, दाब ४ डेसिबलपर्यंत. बासच्या ऑसिलेटरचा (सूर निर्माण करणाऱ्या भागाचा) रीट्रिगरही, म्हणजे प्रत्येक नोटेला लहर पहिल्यापासून सुरू करणारी सोय, चालू केला. तो बंद असला तर प्रत्येक नोटेचा फेज (लहरीची स्थिती) वेगळ्या ठिकाणी सुरू होतो आणि काही ठोके वजनदार, काही पोकळ लागतात. हा दोष कुठल्याही ईक्यूने जात नाही.

मोबाइलवर बास ऐकू येत नाही, म्हणून खालचा पट्टा वाढवणं व्यर्थ आहे. तो छोटा स्पीकर ४४ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. बासवर थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) दिलं की ८७, १३१, १७५ अशा वरच्या जागी हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि कान त्यांच्यावरून मूळ सूर ओळखतो.

खोलीचाही विचार हवाच. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे सुमारे ५६ हर्ट्झला पहिला रूम मोड (खोलीत घुमणारी फ्रीक्वेन्सी) तयार होतो, आणि चौरस खोलीत तो दोन्ही दिशांनी एकाच जागी पडतो. बरोबर मध्यावर बसलं तर हाच पट्टा गायब होतो, किक पातळ वाटते, माणूस ५६वर ४ डेसिबल वाढवतो आणि क्लबमध्ये तीच किक छातीवर बसते. खुर्ची मध्यावरून पुढे सरकवा आणि खालच्या पट्ट्याचा निर्णय हेडफोनवर पडताळल्याशिवाय घेऊ नका.

पॅडमुळे (लांब धरलेल्या कॉर्डच्या सिंथमुळे) २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गढूळपणा आला होता. कॉर्ड एफ, ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट असा. त्यातला एफ बास वाजवतोच आहे, म्हणून पॅडमधून तो काढून टाकला. पॅड आता २०८ हर्ट्झच्या ए फ्लॅटपासून सुरू होतो. सिंथमधला सब-ऑसिलेटर (खालचा सूर जोडणारा) बंद केला, युनिझन (एकाच सुराच्या एकावर एक प्रती) ७वरून ३वर आणला. गढूळपणा तिथेच संपला. हाय-हॅट ८ किलोहर्ट्झला टोचत होता. फेडर २ डेसिबल खाली घेतला, तरी टोचला, मग सरळ दुसरा सॅम्पल लावला.

एवढं झाल्यावर ईक्यू उरला तो मोजक्या ठिकाणी. ढोलकीचा लूप तयार रेकॉर्डिंगमधला आहे, त्याचा मूळ आवाज हातात नाही. त्याला ९० हर्ट्झला १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), आणि ३५०ला ३ डेसिबल कमी, क्यू (पट्टा किती अरुंद) १.२, कारण तिथे रिकाम्या डब्यासारखा आवाज येत होता. रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) रिटर्नवर, म्हणजे तो परत येतो त्या चॅनेलवर, २५० हर्ट्झला हाय-पास आणि ७ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचं कापणारा). ही एक जागा साफ केली की रिव्हर्बला सिग्नल पाठवणारे चॅनेल वेगवेगळे कापावे लागत नाहीत. व्होकल चॉपला (गळ्याच्या कापलेल्या तुकड्यांना) जागा हवी होती, तेव्हा लीडमधून (मुख्य धुनेच्या सिंथमधून) ३ किलोहर्ट्झला २ डेसिबल काढले.

प्रत्येक चॅनेलला सवयीने हाय-पास लावण्याच्या मी ठाम विरोधात आहे. नेहमीच्या ईक्यूमध्ये कट जितका तीव्र, तितका कटऑफजवळचा फेज जास्त फिरतो. किकला ३० हर्ट्झवर ४८ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा कट दिला तर आवाजातून काही काढूनही पीक वाढू शकतं आणि ठोक्याची धार बोथट होते. फेज न फिरवणाऱ्या लिनियर-फेज ईक्यूमध्ये हे टळतं, पण प्री-रिंगिंग येतं, म्हणजे किकच्या आधीच तिची पुसट चाहूल लागते.

ईक्यू लावताना चॅनेल सोलोवर (एकटा) ऐकू नका. बदल झाल्यावर आउटपुट गेन जुळवून मगच बायपासशी (ईक्यू बंद असतानाच्या आवाजाशी) तुलना करा, कारण १ डेसिबल मोठा आवाजही चांगला वाटतो. शेवटी पूर्ण ट्रॅक चालू ठेवून मी एकेक ईक्यू बायपास करतो. फरक जाणवला नाही, तर तो प्लगइन काढून टाकतो.