ठाणे ते महाबळेश्वर: जानेवारीतली पहाट आणि सुरू न होणारी डिझेल गाडी

जानेवारीत आम्ही आमच्या जुन्या डिझेल गाडीने ठाण्याहून महाबळेश्वरला गेलो. ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोली, पुढे द्रुतगती मार्ग, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, खंबाटकी घाट आणि सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट, पाचगणी असा हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास बहुतेकांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. तपशिलाने सांगावी अशी गोष्ट आहे ती मुक्कामानंतरच्या पहाटेची, कारण ठाण्यात एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी तिथे सुरूच होईना.

आमचा मुक्काम वेण्णा तलावाच्या बाजूला होता. या सखल भागात गावापेक्षा गारठा जास्त असतो आणि कडाक्याच्या थंडीत दव गोठते. त्या पहाटे गाडीच्या टपावर पांढरा, खरखरीत थर होता. चावी फिरवल्यावर इंजिन जड आवाजात अर्धवट फिरले, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले आणि नंतर नुसती टकटक ऐकू आली. शेजारी गाडी पुसत असलेले स्थानिक टॅक्सीचालक म्हणाले, “साहेब, सेल्फ मारत राहू नका. आवाज ऐका, बॅटरी बसलीय.”

त्यांचे निदान अचूक होते. इंजिन सावकाश फिरत असेल किंवा नुसती टकटक येत असेल, तर प्रथम बॅटरी आणि तिची टर्मिनल्स पाहावीत. इंजिन जोरात फिरूनही पेट घेत नसेल, तर दोष डिझेलच्या पुरवठ्यात किंवा गाडी सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगमध्ये शोधावा. मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती. पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ म्हणजे ती जेमतेम निम्मी उरलेली असते. आदल्या दिवशी तासन् तास महामार्गावर चार्ज होत आलेली बॅटरी एका रात्रीत इतकी उतरते, याचा अर्थ ती चार्ज धरून ठेवू शकत नाही. शिवाय ऋण टर्मिनलच्या कडेला पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने ती घासली आणि क्लॅम्प कोरडा करून घट्ट आवळला.

त्यानंतर टॅक्सीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावली. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. हे शेवटचे टोक बॅटरीवर लावू नये, कारण तिथे ठिणगी पडली तर बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटण्याचा धोका असतो.

दिवे आणि ब्लोअर बंद ठेवले, चावी ‘ऑन’वर नेऊन हीटर प्लगचे पिवळे चिन्ह विझेपर्यंत थांबलो, मग पुन्हा बंद करून तेच एकदा केले. क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारला, कारण त्यामुळे गिअरबॉक्समधले थंडीने घट्ट झालेले ऑइल घुसळण्याचा भार स्टार्टरवर येत नाही. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. गाडी सुरू झाली, पण काही क्षण थरथरत, कच्च्या डिझेलच्या उग्र वासाचा पांढरा धूर सोडत. हा धूर महत्त्वाचा असतो: डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे, मात्र नीट जळत नाही. परतल्यावर ठाण्यातल्या मेकॅनिकने प्लगचा रोध मोजला, तेव्हा एक हीटर प्लग पूर्ण निकामी निघाला.

मला मनापासून सांगायचे आहे ते हेच, की हे दोन्ही दोष महाबळेश्वरच्या थंडीने निर्माण केले नव्हते. बॅटरीच्या प्लेट्स आणि त्यातले पाणी झिजवते ती उष्णता, म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे आणि घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत तापणारे बॉनेट. हिवाळ्यातही ठाण्यात क्वचितच इतका गारठा पडतो की एक निकामी प्लग किंवा थकलेली बॅटरी इंजिनला अडवू शकेल. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल घट्ट होते आणि डिझेलला पेट घ्यायला जास्त उष्णता लागते. तेव्हा झाकलेले सारे उघडे पडते. म्हणून ‘घरी तर लगेच सुरू होते’ ही कसोटी मानू नये. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल, तर निघण्यापूर्वी बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरीची चाचणी, करून घ्यावी आणि प्रत्येक हीटर प्लग मीटरने तपासायला सांगावा. इंजिन ऑइलच्या डब्यावर लिहिलेल्या ग्रेडमध्ये ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते थंडीत पातळ राहते, पण बदल गाडीच्या पुस्तिकेत मान्य असलेल्या ग्रेडमध्येच करावा.

याच गाडीने हिमाचल किंवा लडाखला जाणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. रेडिएटरमध्ये वेळोवेळी नुसते पाणी भरले गेले असेल, तर ते गोठून इंजिनला तडा जाऊ शकतो, त्यामुळे पाणी गोठू न देणारे कुलंट योग्य प्रमाणात भरून घ्यावे. साध्या डिझेलमधले मेण तीव्र थंडीत साकळून फिल्टर तुंबवते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते मिळेल तिथे मुक्कामाला पोहोचण्यापूर्वीच टाकीत भरावे, म्हणजे रात्री गाडी उभी राहण्याआधी ते फिल्टरपर्यंत पोहोचलेले असेल.