बायसनशी लढताना

आजची संध्याकाळ 'स्ट्रीट फायटर २' या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या शेवटच्या बॉसची, बायसनची. त्याच्याकडे हाडोकेनसारखा लांबून फेकायचा मारा नाही, म्हणून तो थेट अंगावर येतो. सायको क्रशर, म्हणजे आडवं उडत अंगावर येण्याचा त्याचा मारा, ब्लॉक केला तरी थोडी एनर्जी जातेच, वर तो आरपार पाठीमागे निघून जातो. ब्लॉकची दिशा लगेच उलटी करा. माझ्या मते खरा धोका हेड स्टॉम्पचा. डोक्यावर आदळून तो वर उसळतो आणि आपण घाईत किक मारायला गेलो की वरून दुसरा फटका बसतो. खेळायला र्‍यू हा लढवय्या घेतला असेल तर बायसन खाली येताना शोर्युकेन (वर उसळत मारायचा ठोसा) मारा, पण अगदी जवळ आल्यावरच. लवकर मारलात तर फुकट जातो. आणखी एक, खेळाडूला क्रशरसाठी जॉयस्टिक आधी मागे दाबून धरावी लागते, कॉम्प्युटरला नाही. त्यामुळे तो पुढे चालत येताना दिसला तरी गाफील राहू नका.