तांत्रिक पुस्तकांसाठी छोटा ई-रीडर: कर्ण सोडा, रुंदी मोजा

ई-रीडरचं परीक्षण करणाऱ्यांनी एकदा तरी कादंबरीचं पान मिटून कोडचं पान उघडून दाखवावं, अशी माझी मनापासून मागणी आहे. मी पाहिलेल्या बहुतेक परीक्षणांत स्क्रीनवर सरळसोट परिच्छेद असतात, आणि ते कुठल्याही ई-रीडरवर सुरेखच दिसतात. मला ई-रीडर हवा होता तो नेटवर्किंग, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांसाठी. त्यांत समीकरणं असतात, तक्ते असतात, बाण काढलेल्या आकृत्या असतात आणि ८० अक्षरांपर्यंत जाणाऱ्या कोडच्या ओळी असतात. शिवाय तो खांद्यावरच्या छोट्या पर्समध्ये मावायला हवा होता, कारण माझं निम्मं वाचन प्रवासात आणि रांगेत होतं.

ज्याला विचारावं तो सांगायचा, "तांत्रिक पुस्तकं ना? मग १०.३ इंची घे, नाहीतर सरळ १३.३ इंची." टेबलावर बसून वाचणाऱ्यासाठी हा सल्ला बरोबर आहे. पण मोठं यंत्र घरी राहतं, आणि जे घरी राहतं त्यावर रांगेत वाचता येत नाही. मला लहानच हवं होतं. प्रश्न एवढाच होता की किती लहान चालेल, आणि नेमकं याचंच उत्तर कुणाकडून मिळेना.

माझा सगळा वैताग इथला आहे. ई-रीडरच्या माहितीपत्रकात स्क्रीनचा कर्ण दिलेला असतो. सहा इंच, सात इंच, ७.८ इंच. यंत्राची बाहेरची मापं असतात, वजन असतं, किती हजार पुस्तकं मावतील तेही असतं. अक्षरं उमटणारा भाग किती मिलिमीटर रुंद आहे, हे मला कुठेही सापडलं नाही. एका विक्रेत्याच्या मदत विभागाला विचारलं तर आधी यंत्राची बाहेरची रुंदी आली. मी पुन्हा स्पष्ट लिहिलं की कडा सोडून फक्त स्क्रीनची रुंदी हवी आहे. उत्तरात पुन्हा कर्णच आला. दुकानात जाऊन पाहावं तर तिथलं यंत्र जाहिरातीची चित्रं दाखवण्यापुरतंच चालू होतं, माझी पीडीएफ त्यात टाकायची सोयच नव्हती. नवी वस्तू घेणाऱ्याला तीवर स्वतःचं एक पान उघडून बघता येऊ नये, याचा मला अजूनही राग येतो.

मग रुंदी मीच काढली. रीत सोपी आहे: आडवे पिक्सेल घ्यायचे, त्यांना दर इंचातल्या पिक्सेलच्या आकड्याने (पीपीआयने) भागायचं आणि २५.४ ने गुणायचं. ३०० पीपीआयच्या सहा इंची स्क्रीनवर १०७२ × १४४८ पिक्सेल असतात, म्हणजे साधारण ९१ × १२३ मिलिमीटर. सात इंची स्क्रीनवर १२६४ × १६८०, म्हणजे १०७ × १४२. आणि ७.८ इंचीवर १४०४ × १८७२, म्हणजे ११९ × १५८. सहा आणि सात इंचीच्या कर्णात एकाच इंचाचा फरक वाटतो, पण रुंदीत तो १६ मिलिमीटर आहे आणि वाचताना तोच कामाला येतो.

यानंतर पट्टी पुस्तकावर ठेवायची. तांत्रिक पुस्तकांचं एक नेहमीचं माप ७ × ९.२५ इंच, म्हणजे पान १७८ मिलिमीटर रुंद. माझ्या पुस्तकांत बाजूचे समास सोडले तर मजकूर साधारण १३० मिलिमीटर भरतो. अख्खं पान सहा इंची स्क्रीनवर बसवलं तर ते ५१ टक्क्यांवर येतं आणि १० पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. ते वाचणं म्हणजे डोळ्यांचे हाल. समास कापून फक्त मजकूर बसवला तर ७० टक्के, म्हणजे सात पॉइंट. सात इंचीवर समास कापल्यावर ८२ टक्के मिळतात, म्हणजे आठ पॉइंटच्या वर. आणि तेच यंत्र आडवं धरलं तर मजकूर छापील आकारापेक्षाही किंचित मोठा दिसतो, पान दोन टप्प्यांत संपतं.

हे आकडे कागदावर पटतात, डोळ्यांना पटतीलच असं नाही. म्हणून मी माझ्या पुस्तकांतली सगळ्यांत अवघड पानं निवडली: एक समीकरणांनी भरलेलं, एक मोठ्या तक्त्याचं, एक कोडचं. ती ५१, ७० आणि ८२ टक्क्यांवर छापून घेतली, स्क्रीनच्या मापाने कापली आणि नेहमीच्या अंतरावरून वाचत बसले. ७० टक्क्यांवर समीकरणातले घातांक आणि पायाशी लिहिलेले छोटे निर्देशांक ताण देत होते. ८२ वर अडचण नव्हती. कुठल्याही परीक्षणापेक्षा या कागदांनी मला जास्त सांगितलं आणि ही चाचणी केल्याचा मला अभिमान आहे. तुमची नजर वेगळी, पुस्तकं वेगळी, म्हणून माझा आकडा घेऊ नका, चाचणी घ्या.

"मोठं करून बघायचं, सरकवत वाचायचं" असं सुचवणारे भेटतील. फोनवर ते ठीक आहे. ई-रीडरच्या, म्हणजे ई-इंकच्या स्क्रीनमध्ये विद्युतभार असलेले काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या दाबाने खरोखर वर-खाली सरकतात. म्हणूनच एकदा उमटलेलं पान वीज न खाता तसंच राहतं आणि बॅटरी आठवडे चालते. पण त्याच कारणाने प्रत्येक सरकवणीला स्क्रीन अडखळते, मागच्या चित्राची पुसट छाया उरते. ज्या पानाला दर ओळीला डावी-उजवीकडे ढकलावं लागतं, त्याचा अर्थ डोक्यात राहत नाही. मजकुराची पूर्ण रुंदी एका वेळी दिसलीच पाहिजे, या अटीवर मी अडून बसले आणि ते योग्यच होतं.

ईपब, म्हणजे अक्षर लहान-मोठं केलं की ओळी स्क्रीनप्रमाणे नव्याने जुळवणारी फाइल, असेल तर हा प्रश्नच नाही, असंही मला सांगण्यात आलं. मजकुरापुरतं ते खरं आहे, कोडपुरतं नाही. समान रुंदीच्या टाइपात एक अक्षर टाइपाच्या उंचीच्या साधारण ०.६ पट रुंद असतं. सहा इंची स्क्रीन उभी धरून ८० अक्षरांची ओळ न मोडता बसवायची तर टाइप पाच पॉइंटवर येतो, सात इंचीवर जेमतेम सहावर. सात इंची आडवी धरली की आठ पॉइंट मिळतात. ओळ मोडू दिली तर पायथॉनसारख्या भाषेत, जिथे ओळीआधीच्या मोकळ्या जागेवरच अर्थ ठरतो, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. समीकरणांचं दुखणं निराळं: कित्येक ईपबमध्ये ती चित्रं म्हणून घातलेली असतात आणि अक्षर मोठं केलं तरी चित्र तेवढंच राहतं. त्यामुळे गणित जास्त असलेलं पुस्तक मी पीडीएफमध्येच घेते, आणि गद्य जास्त, कोड कमी असेल तर ईपब.

शेवटी कोबो कंपनीचा लिब्रा २ हा ई-रीडर घेतला. सात इंची, काळी-पांढरी स्क्रीन, वजन २०० ग्रॅमच्या थोडं वर, आडवं धरता येतो आणि पान उलटायला बाजूला खरी बटणं. प्रवासात एक हात दांडीला असतो, तेव्हा ही बटणं फार उपयोगी पडतात. २०२४ मध्ये रंगीत लिब्रा आला. रंगाचा मोह मलाही आहे, कारण आलेखातली लाल आणि निळी रेघ करड्या छटांत एकसारखी दिसते. पण त्याच्या कॅलिडो ३ जातीच्या रंगीत ई-इंक स्क्रीनवर काळा मजकूर ३०० पीपीआय असला तरी रंग १५० वरच येतो, आणि रंगांच्या गाळणीमुळे पार्श्वभूमी जरा काळवंडते. माझ्या वाचनात रंगीत आलेखांपेक्षा बारीक निर्देशांक जास्त, त्यामुळे काळी-पांढरीच बरी. नकाशे, शरीररचना असं काही वाचत असाल तर उलट निर्णय घ्या.

खरेदी, पैसे, घरपोच येणं, यात सांगण्यासारखं काही नाही.

यंत्रासोबत आलेलं पीडीएफ वाचण्याचं सॉफ्टवेअर माझ्या कामाचं नव्हतं, पण त्याची तयारी आधीच होती. केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर कोबोवर, पॉकेटबुकवर आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांवर बसतं, मूळ सॉफ्टवेअरही जागेवर राहतं. ते समास आपोआप कापतं, मजकूर रुंदीला भिडवतं, आडव्या पानात खाली सरकताना आधीच्या टप्प्याच्या शेवटच्या ओळी पुन्हा दाखवतं आणि पुसट स्कॅनचा काळेपणा वाढवतं. निवड करताना "यावर केओरीडर चालतो का" हा प्रश्न मी रुंदीच्या लगेच खाली ठेवेन.

पीडीएफमधला मजकूर तोडून नव्याने ओळी जुळवणारं के-टू-पीडीएफ-ऑप्टही वापरून पाहिलं. गद्याच्या पानांवर त्याचं काम उत्तम आहे. कोड आणि तक्ते मात्र विस्कटतात, तिथे नुसते समास कापणं बरं.

हे आधी सांगायला हवं होतं: दोन स्तंभांत छापलेले शोधनिबंध वाचणार असाल तर लहान स्क्रीनला घाबरू नका. त्यांतला एक स्तंभ साधारण ८९ मिलिमीटरचा असतो, म्हणजे सहा इंची स्क्रीनवरही तो पूर्ण आकारात बसतो. एका स्तंभात छापलेला ए-फोर अहवाल जास्त छळतो, कारण १६० मिलिमीटरची ओळ सात इंचीवर उभ्याने दोन तृतीयांशच उरते. तो आडवा धरूनच वाचावा.

पुस्तक विकत घेण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. एक, फाइलला कुलूप आहे का. काही दुकानं पुस्तक फक्त स्वतःच्या अ‍ॅपमध्ये उघडू देतात आणि तिथे तुमच्या ई-रीडरचा काही उपयोग नाही. तांत्रिक पुस्तकांचे काही प्रकाशक पीडीएफ आणि ईपब दोन्ही बिनकुलपाचे देतात, मी आता शक्यतो तिथूनच घेते. दुसरं, पीडीएफमध्ये दाबता येणारी अनुक्रमणिका आहे का. "आकृती ७.३ पाहा" असं आलं की छापील पुस्तकात बोट घालून मागे जाता येतं. ई-रीडरवर ती सोय दुव्यांवर आणि खुणांवरच अवलंबून आहे, आणि अनुक्रमणिका नसलेलं आठशे पानांचं पुस्तक मी अजूनही संगणकावरच वाचते.