उष्टा पाइप

जुना पितळी डबा घरात आला की कौतुक होतं. तंबाखू ओढायचा जुना पाइप आला की नाकं मुरडतात. आमच्याकडे तो पहिले काही दिवस चपलांच्या रॅकवरच होता. "कुणाचं तरी उष्टं आणलंस, तेही पैसे मोजून?" ह्या बायकोच्या प्रश्नाला मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या चाचांनी "अंग्रेज का है साहब, चांदी का छल्ला देखो" म्हणत तो माझ्या हातात ठेवला. दोन्ही गोष्टी खोट्या. लाकडावर 'मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असा ठसा होता. म्हणजे डब्लिनच्या पीटरसन कंपनीचा पाइप, तोही १९४९ नंतरचा. आयर्लंड प्रजासत्ताक झालं ते त्या साली. इंग्रजांशी लढून वेगळे झालेल्यांचा माल चोर बाजारात इंग्रजांच्या नावावर खपत होता. छल्ल्यावर शॅमरॉकचं पान, वुल्फहाउंड कुत्रा आणि गोल मनोरा. चांदीचा हॉलमार्क वाटावा अशी ही चित्रं, पण ती असतात निकेलवर. मी गप्प बसलो. आपल्याला कळतंय हे कळलं की तिथे भाव चढतो.

पाइपचं लाकूड ब्रायरचं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुडाशी धरणारी गाठ. सहजी जळत नाही. ह्या पाइपच्या वाटीत मात्र जळक्या तंबाखूचा थर इतका साचला होता की करंगळी आत जाईना. तो मिलिमीटरभर हवाच, आचेपासून लाकूड सांभाळतो. जास्त झाला तर तापून फुगतो आणि वाटी तडकते. रीमरने, म्हणजे वाटी खरवडायच्या हत्याराने, खरवडलं, कापूस दाबून भरला, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं. सकाळी कापूस कोऱ्या चहाच्या रंगाचा. काही जण कापसाऐवजी मीठ भरतात, पण आमच्या स्वयंपाकघरातून ते मिळणं शक्य नव्हतं.

पीटरसनच्या 'सिस्टिम' पाइपमध्ये धुरातला ओलावा साचायला वाटीमागे एक खळगा असतो. १८९० चं पेटंट. झुरका कोरडा यावा म्हणून केलेली ही सोय, पण खळगा रोज पुसावा लागतो. पाइपच्या आधीच्या मालकांनी तो बहुधा कधीच पुसला नसावा. काठही एकाच बाजूला जळलेला, म्हणजे काडी कायम तिकडूनच लावायची सवय. आळशी आणि हट्टी. मला माणूस आवडायला लागला.

तोंडात धरायची नळी एबोनाइटची, जुन्या शाईच्या पेनांची असायची तीच. रबरात गंधक घालून, तापवून कडक केलेली. उन्हाने ती शेवाळी पडते आणि पॉलिश पेपरने घासायला घेतली की गंधकाचा वास घरभर. (बायकोचा दुसरा आक्षेप.) पण एबोनाइट मोठं गमतीदार. दातांनी पडलेले खळगे लायटरच्या ज्योतीवरून हलकेच फिरवले की आपोआप वर येतात. वरच्या बाजूचे आले. खालचा एक खोल होता, तो राहिला. एबोनाइटची पूड आणि सुपरग्लू कालवून बुजवता आला असता. पूड करूनही ठेवली होती. पण इतकं सगळं पुसल्यावर ह्या माणसाचं म्हणून काय उरणार होतं? पूड टाकून दिली, कार्नौबा मेणाचा हात फिरवला आणि काम थांबवलं.

मी तंबाखू ओढत नाही. पाइप ओढणाऱ्या एका मित्राने मोठ्या उत्साहाने तो तोंडात धरला, इकडे-तिकडे सरकवून पाहिला आणि काडी न लावताच परत दिला.

"ह्याच्यात माझे दात बसत नाहीत रे."