डेझर्टची गाडी

नागपुरात ‘डेझर्ट’ हा शब्द फक्त कूलरच्या आधी लागतो. पत्र्याचा चौकोनी डबा, तीन बाजूंना खस, पोटात पाणी आणि आत हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज करणारा पंखा. होळी झाली की हा डेझर्ट कूलर माळ्यावरून उतरतो आणि खिडकीत बसतो. वाळवंट आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नसतं आणि तशी गरजही पडत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ ला टेकला होता. २०२४ मध्ये एका स्वयंचलित यंत्रानं तर ५६ दाखवले. ते यंत्र बिघडलं होतं असं मागून कळलं, पण आमच्या गल्लीत त्या खुलाशापेक्षा छप्पनवरच लोकांचा विश्वास जास्त आहे.

त्यामुळे मामा फोनवर म्हणाला, “डेझर्टची गाडी बनवून राहिलो बे, येऊन पाह्य,” तेव्हा मला वाटलं, हातगाडीवर कूलर बसवला असेल. रिटायर माणूस, काहीही करू शकतो.

महाल भागातल्या वाड्याच्या अंगणात मी गेलो तर तिथं आजोबांची मॅचलेस उभी, जुनी इंग्रजी मोटरसायकल. म्हणजे, आजोबांचीच आहे हे मामानं सांगितल्यावर कळलं. लहानपणी मी जी पाहिली होती ती पोत्यांखाली झाकलेली, कोंबड्या जिच्या सीटवर बसायच्या ती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी बनलेली ३५० सीसीची जी३एल. युद्ध संपलं आणि तिच्यासारख्या कितीतरी गाड्या इथंच राहून गेल्या. आजोबांनी ती कामठीला लिलावात घेतली आणि संत्र्याच्या बागेत जायला वापरली. हे मॉडेल निघालं १९४१ साली तेव्हा त्याचा पुढचं चाक धरणारा फोर्क ही नवलाई होती. त्यात तेल भरलेलं, टेलिड्रॉलिक नावाचा. तेव्हाच्या बहुतेक फौजी गाड्या पुढं नुसत्या स्प्रिंगवर नाचायच्या. मागं मात्र हिलाही काही नाही. चाक थेट फ्रेमला. मागच्या खड्ड्याचा हिशेब थेट मणक्याकडे.

मामा मोतीबागला नॅरोगेज रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता, हे इथं सांगायलाच हवं. कारण ही गाडी उघडायला जे पाने लागतात ते साध्या दुकानात मागितले तर दुकानदार आपल्याकडेच संशयानं पाहतो. इंग्रजी जुन्या गाड्यांना व्हिटवर्थचं माप. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं एकच माप ठरवलं, तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. फक्त त्याच्या पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या तोंडाचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंच लिहिलेला पाना हातात घेतला तर तोंड अर्ध्या इंचाहून मोठं. तिथं १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा घसरतो, नटाचे कोपरे गोल करून जातो. मामाकडे मात्र व्हिटवर्थ पान्यांचा अख्खा संच जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला आहे. मी कधी मागितला तर तो देणार नाही. मी मागणारही नाही.

बरं, ‘डेझर्टची’ म्हणजे काय? तर मामानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, लोक इंग्रजी मोटरसायकली शर्यतीत पळवायचे. ट्रायम्फ, बीएसए, मॅचलेस. सगळ्या पक्क्या रस्त्यासाठी बनलेल्या. वाळवंटासाठी निराळी गाडी तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हती, मग लोकांनी आहे तीच सोलली. हेडलाइट काढला, मडगार्ड कापले, सायलेन्सर उचलून वर नेला, इंजिनाखाली दगडापासून वाचायला जाड पत्रा लावला, हँडल रुंद केलं, टायर खडबडीत घातले आणि मागच्या चाकाला जास्त दातांचं चक्र बसवलं, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त. या गाड्यांना ‘डेझर्ट स्लेड’ म्हणत. स्लेड म्हणजे बर्फावरची घसरगाडी. रेतीतल्या गाडीला बर्फाचं नाव, यात मला मजा वाटली. मामाला अजिबात वाटली नाही.

शर्यत सुरू कशी व्हायची तेही त्यानं सांगितलं. लांब क्षितिजावर जुने टायर जाळायचे आणि शेकडो गाड्या एका रांगेत उभ्या राहून त्या काळ्या धुराच्या दिशेनं सुटायच्या. रस्ता नाहीच, फक्त धूर. बड एकिन्स हा तिथला मोठा स्वार, ट्रायम्फवाला. त्याचा दोस्त स्टीव्ह मॅक्वीन, सिनेमाचा हिरो. दोघं १९६४ साली पूर्व जर्मनीत एर्फुर्टला सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अमेरिकेच्या चमूतून उतरले आणि दोघंही पडून बाहेर झाले. मामाला यातलं पडणंच जास्त आवडतं. “पडला नाई तर त्यानं चालवलीच नाई असं समज.”

शुद्धतावादी लोक या गाडीकडे पाहून रडतील, मला माहीत आहे. युद्धातली गाडी तिच्या मूळ खाकी रंगात, मूळ दिव्यासकट, प्रदर्शनात उभी असायला हवी. मला तसं वाटत नाही. ती गाडी उभी राहण्यासाठी बनलीच नव्हती. शिवाय मॅचलेसनंच पुढे जी८०सीएस नावाची ५०० सीसीची उघडी-बोडकी गाडी केली आणि तीही वाळवंटात पळाली. म्हणजे घराण्यात चाल आहे.

मामाला काढायला फार त्रास पडला नाही. हेडलाइट गेला, डायनामो गेला, बॅटरीही गेली. इंजिनला ठिणगी मॅग्नेटो देतो, तो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरी विचारावी लागत नाही. लावायच्या वस्तूंसाठी मात्र त्याची नजर घरभर फिरली. दोन्ही बाजूंना नंबराच्या अंडाकृती पाट्या हव्या होत्या. वाड्यातला जुना डेझर्ट कूलर माळ्यावर पडून होता. त्याच्या एका बाजूचा पत्रा कापला गेला. मामीला हे एप्रिलमध्ये, कूलर खाली उतरवताना कळलं.

“अहो, माह्या कूलरले तीनच बाजू कशा?”

मामा बराच वेळ कार्बोरेटर पाहत बसला. शेवटी नवा कूलर आला. जुन्याचा उरलेला पत्रा चेनवर झाकण होऊन बसला. मामीचा राग गेला नाही, पण तिनं त्याला एक वाक्य दिलं, जे ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवते: “डेझर्टचा कूलर आहे, डेझर्टची गाडी आहे, आता निस्तं डेझर्ट आणायचं राह्यलं.”

गाडी सुरू करणं हा एक वेगळाच सोहळा आहे. पेट्रोलची तोटी उघडायची. कार्बोरेटरवरचं बटण दाबत राहायचं, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. हँडलवरच्या छोट्या दांडीनं स्पार्क मागे घ्यायचा. मग किक हळूच दाबत न्यायची, ती एका जागी दगडासारखी घट्ट होते. तिथं सिलिंडरमधला दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची कळ दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे सरकवायचा. कळ सोडायची. आणि मग मनापासून किक. स्पार्क मागे घ्यायला विसरलात तर पिस्टन वर पोचायच्या आधीच पेट्रोल पेटतं, इंजिन उलटं ढकललं जातं आणि किकचा दांडा नडगीवर येतो. मी विसरलो. दोनदा. मामा बाजूला उभा राहून म्हणाला, “ते तुले ओळखून नाई राह्यली अजून.” गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे खाली. जुनी बुलेट ज्यांनी चालवली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मला मात्र थांबायचं असताना पाय सवयीनं गिअरवरच जायचा.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, सुरू व्हायच्या आधी आम्ही कन्हान नदीवर गेलो. गाडी टेम्पोत टाकून, कारण दिवा, हॉर्न काही नाही, रस्त्यावर काढता येत नाही. मे महिन्यात नदी एका काठाला सरकून पातळ झालेली असते आणि बाकी सगळी रेती. पुस्तकातली ‘वाळू’ मला शाळेत शिकवली, पण नागपुरात ती रेतीच. मामानं डोक्याला दुपट्टा बांधला, खिशात कांदा टाकला. टायरमधली थोडी हवा सोडली, कारण मऊ टायर पसरतो आणि रेतीवर तरंगतो, कडक टायर रुततो. एअर फिल्टरला तेल लावलेलं होतंच. इंजिनात गेलेली बारीक रेती तेलात मिसळली की तीच पॉलिश पेपरसारखी पिस्टन खाते.

सुटला तो. सायलेन्सर वर असल्यामुळे आवाज थेट काठावरच्या झाडांना जाऊन लागला. दगडी आवाज, एक सिलिंडरचा, सुट्या-सुट्या ठोक्यांचा. मागचं चाक इकडून तिकडे झुलत होतं आणि मामा उभा राहून चालवत होता, कारण बसणं त्या फ्रेमवर शक्यच नव्हतं. शंभरेक मीटर तो अगदी त्या फोटोतला माणूस दिसला. मग पुढचं चाक ओल्या रेतीत शिरलं आणि सगळं सावकाश आडवं झालं, जसं बैल बसतो तसं.

नदीपात्रात टरबुजांच्या वाड्या असतात. एका वाडीतून एक माणूस काठी घेऊन आला. त्याला वाटलं टरबुजं चोरायला आलो. गाडी पाहून काठी खाली ठेवली.

“बाबूजी, हे इथं कायले आणली?”

मामा रेतीतून उठत म्हणाला, “याच्यासाठीच बनवली आहे.”

तो माणूस गाडीभोवती एक फेरी मारून आला. “दिवा नाई?”

“नाई.”

“कॅरिअर नाई?”

“नाई.”

“मंग आमी टरबूज न्यायचे कशावर?” म्हणाला, आणि आम्हा तिघांना गाडी उचलून वर काढायला अर्धा तास लागला. त्यानं दोन टरबुजं दिली, पैसे घेतले नाहीत. ती मी मांडीवर धरून टेम्पोत बसलो.

संध्याकाळी अंगणात परतल्यावर मामानं गाडी धुतली नाही. मला वाटलं होतं धुईल, एरवी रोज फडकं मारतो. त्या दिवशी फक्त इंजिनच्या चकत्यांत अडकलेली रेती काडीनं काढली आणि एका रिकाम्या बामच्या डबीत भरून ठेवली. मामी टरबूज कापायला आत गेली. तेवढ्यात मामानं खिडकीतल्या नव्या कूलरचं तोंड ओढून अंगणाकडे वळवलं, थेट गाडीवर. खसेतून गेलेला ओला, मातीच्या वासाचा वारा.

आतून मामीचा आवाज आला, “अहो, हवा नाई येऊन राह्यली!”

“खस जाम झाली असंल,” मामा म्हणाला आणि माझ्याकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं.