एम्बुडोचा दैनिक विसर्ग पायथनमधून मिळवताना

रिओ ग्रांदे नदीवर न्यू मेक्सिको राज्यातील एम्बुडो येथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे यूएसजीएसने, १८८९ मध्ये आपले पहिले नदी-मापन केंद्र सुरू केले. कोलोरॅडोतील डोंगरांवरचा बर्फ वितळून येणारे पाणी या केंद्रावरून जाते. एका जलवर्षात, म्हणजे ऑक्टोबर ते सप्टेंबर या बारा महिन्यांत, वाहणाऱ्या एकूण पाण्यापैकी निम्मे पाणी कोणत्या तारखेपर्यंत वाहून गेलेले असते आणि ती तारीख दशकागणिक कशी हलते, एवढेच मला पाहायचे होते. त्यासाठी लागणारा दैनिक विसर्ग, म्हणजे नदीतून दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याची दिवसाची सरासरी, मी संकेतस्थळावरून एकेक फाइल उतरवून न घेता पायथन या संगणकभाषेसाठीच्या, सर्वेक्षणाच्याच 'डेटारिट्रीव्हल' या लायब्ररीतून, म्हणजे तयार आज्ञांच्या संचातून, मागवायचे ठरवले.

फाइल हाताने वाचणे अशक्य नव्हते. सर्वेक्षणाच्या जुन्या पद्धतीच्या मजकूर-फाइलमध्ये सुरुवातीला टिपांच्या ओळी असतात, मग स्तंभांची नावे येतात आणि त्याखाली प्रत्येक स्तंभाची रुंदी सांगणारी आणखी एक ओळ असते. ती वगळली नाही तर सगळे आकडे अक्षरे म्हणून वाचले जातात. लायब्ररी हे सारे स्वतः हाताळते आणि पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचा तयार तक्ता हाती देते. मागणी करताना चार गोष्टी सांगाव्या लागतात: केंद्राचा क्रमांक, मोजलेल्या राशीचा संकेतांक, सांख्यिकी संकेतांक आणि कालावधी. विसर्गाचा संकेतांक ०००६०, पाणीपातळीचा ०००६५, आणि दिवसाच्या सरासरीचा ००००३. देशभरातल्या कोणत्याही केंद्राला हेच संकेतांक लागू असल्यामुळे एका नदीसाठी लिहिलेली आज्ञा केवळ क्रमांक बदलून दुसऱ्या नदीला वापरता येते. माझ्या दृष्टीने प्रमाणित माहितीचा खरा लाभ हाच आहे.

एम्बुडोचा क्रमांक ०८२७९५०० आहे. सुरुवातीचे ०८ हे अंक रिओ ग्रांदेसह मेक्सिकोच्या आखाताला पश्चिमेकडून मिळणाऱ्या नद्यांचा विभाग दाखवतात, म्हणून त्यातले शून्य गाळून चालत नाही. क्रमांक संख्या म्हणून न लिहिता अवतरणचिन्हांत, अक्षरमाला म्हणून लिहावा. केंद्रांची यादी एक्सेलमधून येणार असेल तर तिथेही तो स्तंभ आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा.

उत्तरादाखल लायब्ररी दोन वस्तू देते, एक तक्ता आणि दुसरी त्या मागणीची माहिती. तक्त्यात सरासरी विसर्गाच्या स्तंभाला लागूनच, त्याच नावापुढे 'सीडी' जोडलेला आणखी एक स्तंभ असतो. अनेक जण तो पहिल्याच ओळीत काढून टाकतात. मला मात्र सर्वाधिक वेळ त्याच स्तंभावर घालवावा लागला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मी म्हणेन. त्यात प्रत्येक आकड्याचा दर्जा सांगणारी अक्षरे असतात: 'ए' म्हणजे तपासून मान्य झालेला आकडा, 'पी' म्हणजे तात्पुरता, पुढे बदलू शकणारा आकडा, आणि त्याला जोडून 'ई' आले तर तो आकडा अंदाजाने भरलेला आहे.

अंदाज कशाचा, हे समजून घेतल्याशिवाय या अक्षरांचे वजन कळत नाही. नदीतला विसर्ग सतत मोजला जात नाही. सतत मोजली जाते ती पाणीपातळी. कर्मचारी वेळोवेळी प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन प्रवाहाचा वेग आणि काटछेद मोजतात, त्या मोजणीवरून पातळी आणि विसर्ग यांचा संबंध दाखवणारा रेटिंग कर्व्ह तयार होतो, आणि रोजचा विसर्ग त्या वक्रावरून काढला जातो. पुराने तळ खरवडला गेला किंवा गाळ साचला की तोच वक्र सरकवावा लागतो. हिवाळ्यात नदीवर बर्फ धरला तर पाणी अडून पातळी वाढते, पण विसर्ग वाढलेला नसतो. अशा दिवशी वक्र निरुपयोगी ठरतो आणि तापमान, शेजारची केंद्रे व आधीनंतरचे प्रवाह पाहून आकडा ठरवला जातो. माझा प्रश्न वसंतातल्या प्रवाहाविषयीचा असल्यामुळे हिवाळ्यातले अंदाजित दिवस मी ठेवले, मात्र एप्रिल ते जुलै या काळात असे दिवस सलग आले तर त्या वर्षापुढे खूण केली. तात्पुरते आकडे मी सरसकट वगळले. प्रत्यक्ष मोजण्यांची यादी मागवण्याची सोयही लायब्ररीत आहे. त्या मोजण्या दैनिक आलेखावर ठिपक्यांनी मांडल्या की वक्र कोणत्या काळात कितपत विश्वासार्ह होता याचा अंदाज येतो.

यापुढचा प्रश्न खंडांचा होता. ज्या दिवसांची नोंद नाही त्या दिवसांसाठी तक्त्यात रिकामी ओळ येत नाही, तो दिवसच नसतो. आलेख काढणारे साधन मात्र दोन टोके सरळ रेषेने जोडून मोकळे होते आणि नोंद अखंड असल्याचा भास निर्माण करते. म्हणून आधी कालावधीतल्या सर्व तारखांची मालिका तयार करून तक्ता तिच्यावर बसवला, आणि मग प्रत्येक जलवर्षात किती दिवस रिकामे आहेत ते मोजले. अमेरिकेत जलवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ज्या वर्षात संपते त्या वर्षाच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांना पुढच्या वर्षाचा आकडा द्यावा लागतो. निम्म्या पाण्याची तारीख काढताना मे महिन्यातला आठवडाभराचा खंडही उत्तर हलवू शकतो, म्हणून अपुरी वर्षे भरून काढण्याऐवजी मी ती सोडून दिली.

पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींकडे मी फार वळलो नाही. जुन्या सेवेत त्या १ ऑक्टोबर २००७ पासूनच्याच मिळत, शिवाय लायब्ररी त्यांची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देते. न्यू मेक्सिकोची प्रमाणवेळ तिच्या सात तास मागे असल्यामुळे, वेळ न बदलता दिवसाची सरासरी काढली तर ती प्रकाशित दैनिक सरासरीशी जुळत नाही.

विसर्ग क्युसेकमध्ये येतो, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. इतर खोऱ्यांशी तुलना करण्यासाठी मला तो पाणलोट क्षेत्रावरच्या मिलिमीटरमध्ये हवा होता, आणि इथे केंद्राच्या माहितीचा तक्ता फार उपयोगी पडला. त्यात पाणलोट क्षेत्राचे दोन वेगळे स्तंभ आहेत: एकूण क्षेत्र आणि प्रत्यक्ष पाणी पुरवणारे क्षेत्र. कोलोरॅडोतील सॅन लुइस खोऱ्याचा सुमारे २,९४० चौरस मैलांचा भाग बंद आहे, म्हणजे तिथले पाणी नैसर्गिकरीत्या नदीला येऊन मिळत नाही. एकूण क्षेत्राने भागल्यास रिओ ग्रांदे उगाचच कोरडी दिसते. दुसरा स्तंभ बऱ्याच केंद्रांना रिकामा असतो आणि म्हणूनच त्याच्याकडे लक्ष जात नाही, पण या नदीला त्याच्यावाचून गत्यंतर नाही. याच खोऱ्यात सिंचनासाठी नदीतून मोठ्या प्रमाणावर पाणी उचलले जात असल्यामुळे एम्बुडोचा आकडा नैसर्गिक प्रवाहाचा नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही संकेतांकात लिहिलेली नसते. ती वाचणाऱ्याने स्वतः जोडून घ्यायची असते.

अलीकडे सर्वेक्षणाने जुन्या सेवांच्या जागी नवी सेवा आणायला सुरुवात केली असून लायब्ररीत तिच्यासाठी 'वॉटरडेटा' हा स्वतंत्र विभाग आहे. त्यात केंद्राच्या क्रमांकाआधी यूएसजीएस हे नाव आणि जोडरेघ लिहावी लागते, तक्ता रुंद न येता लांब येतो, म्हणजे प्रत्येक आकडा स्वतंत्र ओळीत येतो, आणि एकक व मान्यतेची स्थिती प्रत्येक ओळीत स्वतंत्र स्तंभात असते. मला ही मांडणी अधिक पसंत पडली, कारण एकक आकड्यापासून सुटत नाही. वारंवार मागण्या करायच्या असतील तर सर्वेक्षणाकडून एपीआय की, म्हणजे मागणीसोबत पाठवायचा ओळख-संकेत, मागून घ्यावी, म्हणजे मागण्यांची मर्यादा वाढते. मी जुन्या आज्ञा काढून टाकण्याआधी एकाच कालावधीचे दोन्हीकडचे तक्ते तारखेनुसार वजा करून पाहिले. आता प्रत्येक उतरवलेल्या तक्त्याबरोबर मागणीचा पूर्ण पत्ता आणि उतरवल्याची तारीख मी त्याच फोल्डरमध्ये साठवतो, कारण मान्य झालेले आकडेही क्वचित पुन्हा दुरुस्त होतात आणि तशा वेळी बदल माझ्या गणितातला आहे की मूळ नोंदीतला, हे त्यावरूनच ठरवता येते.