एलटी टायर घालू, की कारचेच?

‘एसयूव्हीला एलटी टायर घालू, की कारचेच बरे?’ पावसाच्या तोंडावर टायर बदलायला निघालेला कोल्हापुरातला गाडीवाला हे विचारतोच. एलटी म्हणजे ‘लाइट ट्रक’, हलक्या मालगाड्यांसाठीचा दणकट टायर. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: गाडी डांबरावर फिरत असेल तर कारचेच घाला.

आधी एक घोळ मिटवू. मोठ्या गोट्यांचा एटी (ऑल-टेरेन, सगळ्या वाटांचा) टायर म्हणजे एलटी नव्हे. एटी ही नक्षी, एलटी हा सांगाडा. एटी नक्षी कारच्या सांगाड्यावरही मिळते. साईडवॉलवर मापाच्या आधी एलटी लिहिलेलं असतं आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, १२१/११८ असा जोडीनं येतो. दुसरा आकडा एका बाजूला दोन-दोन चाकं असलेल्या जोडचाकांसाठी.

‘माणसं-सामान जास्त असतं’ हे कारण बहुतेकदा टिकत नाही. २६५/६५ आर १७ मापाच्या कारच्या टायरवर लोड इंडेक्स ११२ असेल, तर तो एकटा १,१२० किलो पेलतो. अमेरिकेत कारचा टायर एसयूव्हीला लावताना ही क्षमता १.१ने भागतात, तरी १,०१८ उरतात. मागच्या एक्सलवर दीड टन आला तरी चाकावाटणी ७५०च येतात.

एलटीचा खरा उपयोग कापाकापीत. जांभ्याच्या खाणी, दाजीपूर-गगनबावड्याकडच्या धारदार दगडांच्या वाटा, ऊसतोडीनंतर खुंटांनी भरलेलं रान, असं रोजचंच असेल किंवा मागे जड ट्रेलर ओढायचा असेल, तर जाड साईडवॉल आणि खोल नक्षीचे पैसे वसूल होतात. नाहीतर नुसतीच ऐट.

घोटाळा होतो तो हवेत. एकाच मापात, एकाच हवेवर एलटी टायर कारच्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. त्याची पूर्ण क्षमता सी रेंजमध्ये (रेंज म्हणजे टायरवर अक्षरानं लिहिलेला मजबुतीचा वर्ग) ५० पीएसआयला आणि ई रेंजमध्ये ८०ला मिळते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय म्हणून पंक्चरवाल्यानं तेवढीच भरली, की टायर जास्त लवतो, तापतो, कडा आधी झिजतात. उन्हाळ्यात पुणे-बेंगळुरू महामार्गावर भरल्या गाडीनं वेग धरला तर आतले थरही सुटू शकतात. ३३च्या जागी ४०च्या पुढे जावं लागणं नेहमीचंच. नेमका आकडा टायर कंपनीच्या लोड-हवा तक्त्यातून काढा आणि सकाळी टायर गार असताना भरा. हवा कमी झाल्याचं सांगणाऱ्या डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. तो स्टिकरवरच्या जुन्या आकड्याच्या साधारण पाव हिस्सा खाली गेल्यावर लागतो, म्हणजे एलटीसाठी फारच उशिरा. ६५च्या वर हवा लागणार असेल तर साधा रबरी वॉल्व्ह चालत नाही, धातूचा बसवा, आणि रिम तेवढा दाब सोसते का तेही बघा.

बाकी तोटे माहीतच असतील: वजन जास्त, मायलेज कमी, खड्ड्यात दणका. पण करूळ घाटात भर पावसात उताराला ब्रेक मारताना बऱ्याच एलटी टायरांची पकड कारच्या टायरपेक्षा कमी पडते, हे दुकानात कुणी सांगत नाही.

दोन एलटी, दोन कारचे असा मेळ नको. फोर-व्हील ड्राइव्हला तर नकोच. स्टेपनीही त्याच जातीची घ्या.